कापशीचं माप

कागलात एक पोरगा होता. घरची तीन एकर जमीन, त्यातला निम्मा ऊस शाहू कारखान्याला जायचा. आयटीआय झाल्यावर पोरगा पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये चिकटला. हात चांगला होता, कामाला वाघ होता, आणि पाठांतर तर असं जबर की एकदा डोळ्याखालून गेलं की कायमचं डोक्यात.

एक दिवस चहाच्या सुट्टीत मालकांनी सांगितलं, चीनवरून नवीन व्हीएमसी मशीन येतंय. बसवायला तिकडचाच इंजिनिअर येणार, काही आठवडे राहणार. ज्याला त्याच्याशी दोन शब्द बोलता येतील त्याला त्या मशीनवर ठेवू. बाकीची पोरं हसली. हा मात्र त्याच रात्री चिनी शिकायला बसला.

कागलच्या माणसाला परकी भाषा म्हणजे काही आक्रीत नाही. कोगनोळीचा नाका ओलांडला की कर्नाटक. निपाणीच्या बाजाराला जाणारं माणूस कन्नडात भाव करतं, मराठीत हिशेब करतं, आणि त्याला व्याकरण कुणी शिकवलेलं नसतं. आनंद यादव याच गावचे. त्यांची 'झोंबी' 1987 साली आली, 1990 साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि कागलच्या मळ्यातली बोली दिल्लीपर्यंत पोचली. ती बोली काही कोशातून उचललेली नव्हती. पण पोराला हे कोण सांगणार? त्याला बाजार नको होता, वही हवी होती.

मोबाइलवर शोधता शोधता त्याला 'छंगयू' सापडले. छंगयू म्हणजे चिनी भाषेतले ठरीव वाक्प्रचार, बहुतेक चार अक्षरांचे. अक्षरं चार, पण अनेकांच्या पोटात एक आख्खी गोष्ट, आणि त्यातल्या कित्येक गोष्टी दोन हजार वर्षांहून जुन्या. शिकलेला चिनी माणूस बोलता बोलता हे सहज पेरतो आणि ऐकणाऱ्याला पुढची गोष्ट सांगावी लागत नाही. मोठ्या कोशांत ते हजारोंनी आहेत. पोराला वाटलं, हे तर सोपं काम. शब्द कशाला शिकत बसायचं? चार अक्षरं फेकली की समोरचा गार!

मग त्यानं दोनशे पानी वही घेतली. डावीकडं छंगयूचा उच्चार देवनागरीत, उजवीकडं आपली म्हण. 'चिंग ती च वा', म्हणजे विहिरीच्या तळातला बेडूक. समोर लिहिलं कूपमंडूक. 'तुइ न्यू थान छिन', गाईपुढं वीणा वाजवणं. समोर लिहिलं गाढवापुढे वाचली गीता. 'शोउ चू ताय थू' ही सुंग राज्यातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट. त्याच्या शेतात एक ससा पळत येऊन झाडाच्या बुंध्यावर आपटला आणि मेला. त्या दिवसापासून गड्यानं नांगर टाकला आणि दुसरा ससा आपटायची वाट बघत बुंध्यापाशी बसला. समोर लिहिलं, असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी. 'वांग यांग पू लाव', मेंढरं गेल्यावर वाडगं दुरुस्त करणं. समोर लिहिलं, बैल गेला आणि झोपा केला. जोड्या इतक्या फक्कड जुळत गेल्या की पोराला वाटलं, चिनी आणि मराठी या सख्ख्या बहिणीच असणार.

उच्चार मात्र त्यानं खरोखर चांगले कमावले. याचं थोडं श्रेय आपल्या बाराखडीला द्यायला हवं. प आणि फ, त आणि थ, च आणि छ यांतला फरक मराठी कानाला जन्मापासून कळतो, आणि चिनी उच्चारांचा मोठा भाग याच फरकावर उभा आहे. इंग्रजी अक्षरांतून शिकणारा 'बी' बघून ब म्हणतो; तिथं खरा उच्चार प असतो. बीजिंगला तिथले लोक पेइचिंग म्हणतात, ते यामुळंच. चार सुरांचा घोळ उरतो. तोही पोरानं मोबाइलला कान लावून बराच सोडवला.

खोलीच्या भिंतीवर त्यानं डॉक्टर कोटणिसांचा फोटो लावला. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जपानी आक्रमणात जखमी झालेल्या सैनिकांवर तिथं त्यांनी शस्त्रक्रिया केल्या आणि 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथंच गेले. कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी 1946 साली त्यांच्यावर सिनेमा काढला आणि कोटणिसांचं काम स्वतः केलं. पोराला यातलं एकच भावलं होतं: गड्याला चिनी येत होती. जाताना येत नव्हती आणि पुढं ते चिनीतूनच वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना शिकवायला लागले, एवढं त्यानं वाचलं होतं. ते मधल्या काळात कसं जमलं असेल, हा प्रश्न काही त्याच्या डोक्यात आला नाही.

मशीन आलं. मागोमाग इंजिनिअर आला. पन्नाशीच्या आतबाहेरचा, बारीक, हातावर भाजल्याचे जुने डाग. पोरानं पुढं होऊन नमस्कार केला आणि पाठ केलेले दोन छंगयू एका दमात म्हणून टाकले. इंजिनिअरच्या भुवया वर गेल्या. त्यानं टाळ्या वाजवल्या आणि भराभर काहीतरी विचारलं. पोराला त्यातला एक शब्द कळला नाही. तो नुसता हसला. मालक मात्र खूश. पोरगा दुभाष्या झाला.

दुसऱ्या दिवशी मशीन लेव्हल करायला घेतलं. हे काम बघण्यासारखं असतं. काही टनांचं धूड पायाखालच्या लेव्हलिंग बोल्टांवर उभं असतं, टेबलावर नाजूक स्पिरिट लेव्हल ठेवलेली असते आणि तिच्यातला बुडबुडा एका रेघेनं सरकला तर मीटरमागं दोन शतांश मिलिमीटरचा फरक धरायचा. इंजिनिअर बुडबुड्यावर डोळा लावून वाकलेला. खाली पाना घेऊन कारखान्यातले जुने मिस्त्री बसलेले, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मधे आपला पोरगा, वही काखेत.

"सुंग!" इंजिनिअर म्हणाला.

पोरगा विचारात पडला. सुंग? सुंग राज्य? ससा? बुंधा?

"काय म्हंतोय रं?" मामांनी खालून विचारलं.

"थांबा मामा. कायतर गोष्ट सांगतोय."

"सुंग, सुंग!" इंजिनिअरनं मान न उचलता डावा हात उलटा फिरवला. मामांनी त्या हाताकडं बघितलं आणि बोल्ट पाव फेरा सैल केला. बुडबुडा सरकला. "हाव," इंजिनिअर म्हणाला. म्हणजे झकास. मग "चिन" म्हणाला, हात सुलटा फिरवला, मामांनी आवळलं. "मान, मान" म्हणाला, मामांनी हात सावकाश केला. "थिंग!" म्हणाला, मामा थांबले.

सुंग म्हणजे सैल कर, चिन म्हणजे आवळ, मान म्हणजे हळू, थिंग म्हणजे थांब. यातला एकही शब्द वहीत नव्हता. वहीत सगळी पंडितांची भाषा, पान्याची भाषा कुठंच नाही. सैल करणं आणि सुंग राज्य यांचा सूरही वेगळा, एक सपाट, एक खाली पडणारा. पण ते ओळखायला कान मोकळा लागतो, आणि पोराचा कान पुढचा छंगयू कधी येतोय याची वाट बघत बसला होता. अगदी त्या बुंध्यापाशी बसल्यासारखा, म्हणा ना.

संध्याकाळपर्यंत मामा आणि इंजिनिअर यांचं इतकं जमलं की दोघं एकमेकांच्या तोंडाकडं न बघता काम करू लागले. इंजिनिअर मामांना 'शिफू' म्हणायला लागला. चिनी कारखान्यांत जाणत्या कारागिराला हीच हाक मारतात. आपल्या तालमीत वस्ताद म्हणतात त्याच तोलाची. पोराला त्यानं तशी हाक मारली नाही. पोराला ते लागलं. रात्री त्यानं आणखी वीस छंगयू पाठ केले.

खरा घोळ पुढच्या आठवड्यात झाला.

मशीनची चाचणी चालू होती. रात्रपाळीला कुणीतरी टूलचा ऑफसेट चुकीचा घातला. सकाळी सायकल चालू केली आणि टूल थेट व्हाइसवर जाऊन बसलं. खाडकन आवाज. टूलचे दोन तुकडे, व्हाइसच्या जबड्याला खोक. स्पिंडल वाचला, हे नशीब. मालक धावत आले. इंजिनिअरनं सगळं तपासलं, मग पॅनलवर बसून ऑफसेटचं पान किल्लीनं बंद करून टाकलं, म्हणजे यापुढं किल्लीवाल्याशिवाय कुणी आकडा बदलू शकणार नाही. ते झाल्यावर मालकांकडं वळला आणि एक लांब वाक्य बोलला. त्यात मधेच स्पष्ट ऐकू आलं: वांग यांग पू लाव.

पोराचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांनी वहीतलं गिऱ्हाईक आलं!

"काय म्हणतोय?" मालकांनी विचारलं.

"म्हणतोय, बैल गेला आणि झोपा केला."

मालक क्षणभर गप्प झाले. मग त्यांचा पारा चढला. "माझ्या पैशाचं मशीन, नुकसान माझं, आणि हा मलाच टोमणा हाणतोय? झोपा आधीच करायचं काम कुणाचं होतं? ह्याचंच न्हवं?" आणि तरातरा केबिनमध्ये निघून गेले. त्या दिवसापासून त्यांनी इंजिनिअरला जेवायला सोबत बोलावणं बंद केलं. मशीन नीट बसवून दिल्याच्या कागदावर त्यांची सही लागणार होती. ती त्यांनी अडकवून ठेवली. इंजिनिअर रोज सकाळी कागद घेऊन केबिनच्या दारात उभा राहायचा, रोज 'उद्या या' ऐकून परत यायचा. त्याला काही उमगेना.

मामांना मात्र काहीतरी खटकलं होतं. त्यांनी पोराला बाजूला घेतलं.

"काय रं, तो खरंच तसं बोलला?"

"मामा, शब्दाला शब्द. वहीत बगा."

"वही ऱ्हाऊ दे. टोमणा हाणणारा माणूस रात्री नऊपातूर थांबून दुसऱ्याचा व्हाइस घासत बसत न्हाई. मी हुतो की तितं. तुज्या बोलण्यात नि त्याच्या हातात मेळ बसंना मला."

पोराला राग आला. चार बुकं न वाचलेल्या माणसानं आपल्याला चिनी शिकवावी! तो काही बोलला नाही.

रविवारी सुट्टी. इंजिनिअरला कोल्हापुरी चप्पल हवी होती. मालक बोलत नव्हते म्हणून तो पोरालाच म्हणाला. पोरानं त्याला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि सेनापती कापशी गाठली. कापशी कागल तालुक्यातच आहे. सेनापती संताजी घोरपड्यांच्या वंशजांचं हे गाव, म्हणून नावात सेनापती. पण बाजारात गावाचं नाव चालतं ते चपलेमुळं. कोल्हापुरी चपलेचा एक घाटच 'कापशी' म्हणून ओळखला जातो. चामडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावायचं, रापीनं कापायचं, आरीनं शिवायचं, खिळा मारायचा नाही. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच पाय, हे सरकारी कागदावर तेव्हा आलं. कारागिरांना ते आधीपासून ठाऊक होतं.

एका घराच्या सोप्यात एक म्हातारे कारागीर पट्ट्याची वेणी घालत बसले होते. पोरानं हाक मारली, "तात्या, पावण्यास्नी चप्पल पायजे. चीनवरनं आल्यात."

"या की. बसा." तात्यांनी पाटावर जुना कागद अंथरला.

"कागद कशाला? नंबर हाय माझ्याकडं," पोरगा म्हणाला आणि त्यानं मोबाइल काढला. "त्यांचा नंबर बेचाळीस. चिनी बेचाळीस म्हंजे आपला आठ. तक्ता हाय बगा हितं. आठची द्या."

"आठ कुणाचा?"

"म्हंजे?"

"कंपनीच्या बुटाचा आठ येगळा, माझा येगळा, श्येजारच्या घरचा येगळा. पाय घिऊन आलायसा न्हवं? मग ठिवा की हितं."

"पण तात्या, तक्त्यात..."

तात्यांनी हातातली वेणी खाली ठेवली. "लेका, माप पायाचं असतंय. पाय मापाचा नसतोय."

इंजिनिअर दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. काय चाललंय, म्हणून त्यानं हातानं विचारलं. पोरानं मोडक्यातोडक्या चिनीत सांगितलं: मी म्हणतो नंबर, हे म्हणतात पाय. इंजिनिअरनं एकदा मोबाइलकडं बघितलं, एकदा कागदाकडं, आणि एकदम मोठ्यानं हसला. इतका की सोप्यातली कोंबडी उठून पळाली. मांडीवर थाप मारून म्हणाला, "चंग रन माय ल्यू!"

पोरानं हे ऐकलं होतं. वहीच्या मधल्या पानांत होतं, चंग राज्यातला माणूस चप्पल घेतो. समोर जोडीची मराठी म्हण न सापडल्यामुळं जागा कोरी ठेवलेली.

इंजिनिअर गोष्ट सांगू लागला. हातवारे करत, मधेमधे कागदावर चित्रं काढत. गोष्ट अशी. चंग राज्यातल्या एका माणसाला जोडा घ्यायचा होता. त्यानं घरी आपल्या पायाचं माप घेतलं आणि ते बसायच्या जागेवर ठेवलं. बाजारात गेला, दुकानात जोडा हातात घेतला आणि आठवलं, अरेच्चा, माप घरीच राहिलं! तसाच धावत घरी गेला. माप घेऊन परत येतो तो बाजार उठलेला. जोडा काही मिळाला नाही. कुणीतरी विचारलं, बाबा रे, पायात घालून का नाही बघितलास? तर गडी म्हणतो, माझा मापावर विश्वास आहे, पायावर नाही. ही गोष्ट हान फेइ नावाच्या पंडितानं लिहून ठेवलेली. तो इसवी सनापूर्वी 233 मध्ये एका राजाच्या तुरुंगात मेला. बुंध्यापाशी बसलेल्या शेतकऱ्याची गोष्टही त्याचीच. जुने दाखले तोंडावर फेकून राज्यकारभार करू पाहणाऱ्यांवर त्याचा मोठा दात होता.

पोराला ती गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत कळली. इंजिनिअरचं इतकं लांब बोलणं त्याला पहिल्यांदाच कळलं होतं. समोर पाय होता, कागद होता, चप्पल होती, आणि तात्यांशी हुज्जत घालणारा स्वतः तो होता. कानांच्या पाळ्या तापल्या. तात्यांना त्यानं गोष्ट मराठीत सांगितली. तात्या म्हणाले, "बग, तिकडं बी हाईत म्हणायचं तुज्यासारखी," आणि इंजिनिअरचा पाय कागदावर ठेवून भोवतीनं पेन्सील फिरवली. मग कागदाची पट्टी पावलाच्या उंचवट्यावरून फिरवून दाताखाली दाबली, दुसरा पाय घेतला, पुन्हा तेच. "डावा पाय अर्धा सूत मोठा हाय. तुजा तक्ता सांगतोय का ह्ये?"

इंजिनिअरनं वाकून त्यांना 'शिफू' म्हटलं.

परत येताना मुरगूडच्या पुढं ते चहाला थांबले. पोरानं धीर केला. टूल मोडलं त्या दिवशी तुम्ही वांग यांग पू लाव म्हणालात, ते कशावरून? गोष्ट काय आहे? वहीत अर्थ होता, गोष्ट नव्हती. खरं म्हणजे गोष्ट मोबाइलवर होती, पण लांबलचक म्हणून पोरानं ती सोडली होती.

इंजिनिअरनं कप खाली ठेवला. छू नावाचं राज्य होतं. राजा ऐषआरामात बुडालेला. च्वांग शिन नावाच्या मंत्र्यानं त्याला बजावलं, असं केलंस तर राज्य जाईल. राजानं त्याला म्हातारचळ लागला म्हणून उडवून लावलं, तेव्हा तो दुसऱ्या राज्यात निघून गेला. थोड्याच काळात छिन राज्यानं चढाई करून राजधानी घेतली. ते साल इसवी सनापूर्वी 278. राजा पळाला, मग त्याला अक्कल आली, त्यानं च्वांग शिनला बोलावून घेतलं आणि विचारलं, आता काय करू? तेव्हा मंत्र्यानं त्याला धीर दिला: मेंढरं गेल्यावर वाडगं नीट केलं, तरी उशीर झालेला नाही. उरलेली मेंढरं तर राहतील! म्हणून छंगयूच्या मागून लोक आणखी चार अक्षरं जोडतात: वेइ श पू वान. अजून वेळ गेलेली नाही.

पोराच्या हातातला कप तसाच राहिला. आपली म्हण सांगते, आता झोपा करून काय उपयोग, बैल तर गेला. त्यांचा छंगयू सांगतो, आता तरी कर, अजून वाचेल. दोन्हीकडं गोठा, दोन्हीकडं गेलेलं जनावर, आणि अर्थ पार उलटा. इंजिनिअरनं मालकांना धीर दिला होता. पोरानं तो टोमणा करून पोचवला होता. पुढची चार अक्षरं त्या दिवशी त्याच्या कानांवरूनच गेली होती, कारण पहिली चार ओळखीची निघाल्यावर त्यानं ऐकणंच थांबवलं होतं.

त्यानं कसंबसं सांगितलं, मी मालकांना काय सांगितलं ते. बैल, झोपा, सगळं. इंजिनिअरला उमगायला थोडा वेळ लागला. उमगलं तेव्हा तो हसला नाही. त्यानं खिशातून घडी घातलेला तो बिनसहीचा कागद काढला आणि बोट ठेवून विचारलं, यामुळं? पोरानं मान हलवली. मग इंजिनिअरनं चहाचे पैसे दिले आणि पोराच्या पाठीवर हात ठेवून दोन शब्द म्हटले. वेइ श पू वान नव्हे, साधे रोजचे शब्द: जा, सांग.

सोमवारी सकाळी केबिनचं दार उघडायच्या आधीपासून पोरगा बाहेर उभा होता. मालक आल्यावर त्यानं काही आडपडदा ठेवला नाही. आधी मेंढरं सांगितली, मग राजा, मग आपली चूक. मालक बराच वेळ ऐकत राहिले.

"म्हंजे माणूस म्हणत हुता, काळजी करू नका, अजून हातात हाय?"

"व्हय."

"आणि मी त्याला चार दिवस एकट्यानं जेवायला लावलं."

"चूक माझी हाय, मालक. तुमची न्हाई."

"तुझी तर हायच," मालक म्हणाले. "पण मामा मला पैल्याच दिवशी म्हणाले हुते, मालक, त्याचं तोंड बगा, ते टोमण्याचं न्हाई. मीही ऐकलं न्हाई. तुझ्याकडं वही हुती म्हणून तुझं ऐकलं." त्यांनी फोन उचलून घरी सांगितलं, दुपारी तांबडा-पांढरा करा, पाहुणा आहे. कागदावर सही केली. पोरगा वळला तसं मागून म्हणाले, "वही फेकू नको. पण मशीनपाशी आणू नको."

पोरानं वही फेकली नाही. उजवीकडचा मराठी म्हणींचा रकाना मात्र त्यानं रेघ मारून बंद केला आणि त्या जागी दुसरंच काहीतरी भरायला घेतलं: कोण म्हणालं, कुणाला म्हणालं, काय घडल्यावर म्हणालं, म्हणताना तोंड कसं होतं. इंजिनिअर परत जाईपर्यंत असे फार भरले नाहीत, एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच. पण ते पोराला अजून कुठंही अडत नाहीत. सुंग, चिन, मान, थिंग हे चार त्यानं पहिल्या पानावर लिहिले आणि ते शिकवणारे म्हणून नाव लिहिलं मामांचं.

भिंतीवरच्या कोटणिसांकडंही त्याचं नव्यानं लक्ष गेलं. जखमी सैनिक टेबलावर असताना डॉक्टरनं त्याला कुठली म्हण ऐकवली असेल? कुठं दुखतं, किती दिवस झाले, हात हलव, पाणी पी. तिथून त्यांची चिनी सुरू झाली असणार, आणि मग कुठं वर्गात उभं राहून शिकवण्यापर्यंत गेली असणार. असं पोराला वाटतं. मलाही तसंच वाटतं.

तात्यांनी केलेली चप्पल इंजिनिअर घेऊन गेला. डावी अर्धा सूत मोठी.

आता एमआयडीसीत कुठं चिनी मशीन आलं की पोराला बोलावणं येतं. तो जातो, पण आधी अट घालतो: पहिले दोन दिवस मी मशीनपाशी नुसता उभा राहणार, बघणार, ऐकणार, भाषांतर तिसऱ्या दिवशी. काही मालकांना हे पटतं. ज्यांना घाई असते ते मोबाइलवर भागवतात, आणि त्यांच्यापैकी काहीजण आठवड्याभरानं त्याला फोन करतात.